कडेचे ठिपके

धंतोलीत माझ्या मैत्रिणीची रक्त तपासायची छोटी लॅब आहे. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली माणसं बाही वर करून बसलेली असतात, कोणी काटोलहून पहिल्या बसनं आलेलं, कोणी त्याच्याही पलीकडून. साडेदहापर्यंत सगळे जातात, बाकं रिकामी होतात आणि स्पिरिटचा वास तेवढा मागे उरतो. त्या बाकांवर बसून आम्ही चौघं गेली नऊ वर्षं इंग्रजी पेपरातलं कोडं सोडवतो. सोडवत होतो म्हणू का? माझं अजून ठरत नाही.

आधी हे कोडं काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. साध्या शब्दकोड्यात ‘जंगल’ असं सूत्र देतात आणि तुम्ही ‘वन’ लिहून मोकळे होता. आमच्या कोड्यात तसं नसतं. मराठीत करून दाखवायचं तर सूत्र असं येईल: ‘नव परतले, जंगलात शिरले’, दोन अक्षरं. वाचणाऱ्याला वाटतं, कोण गेलं बुवा जंगलात? कोणी गेलेलं नसतं. ‘नव’ उलटं वाचायचं, ‘वन’ होतं, म्हणजे जंगल. झालं! एकदा दिसलं की कपाळावर हात मारावासा वाटतो, आणि दिसेपर्यंत जीव जातो. अशी रोजची अठ्ठावीस सूत्रं असतात.

मला हे वेड लावलं ते काकांनी. काका म्हणजे तारघरातून निवृत्त झालेले गृहस्थ, वय ऐंशीच्या आसपास. जन्मभर दुसऱ्यांच्या तारांमधले शब्द मोजल्यामुळे त्यांची स्वतःची बोलायची पद्धतही तशीच, मोजून. तिसरी लॅबवाली मैत्रीण, माझ्याच वयाची, शाळेपासूनची. चौथा बुटीबोरीच्या कापड कारखान्यात शिफ्टला असतो. रात्रपाळी असली की कंपनीच्या बसमधून उतरून सरळ लॅबमध्ये येतो, डोळे लाल, पण सूत्र ऐकलं की टवटवीत. मी इंग्रजीची शिक्षिका होते, म्हणून तो मला मॅडम म्हणतो आणि काका बाई म्हणतात.

आमच्या टेबलाचा कायदा काकांनी केलेला. पेपर एकच आणायचा. तो माझ्या हातात राहणार, मी सूत्र मोठ्यानं वाचणार, बाकीच्यांनी कानानं ऐकायचं. लिहायचं पेन्सिलीनं. आणि सगळ्यात मोठा कायदा: कारण आधी, अक्षर नंतर. उत्तर बरोबर असून उपयोग नाही, ते कसं आलं हे सांगता आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी एकदा अंदाजानं एक शब्द ठोकला. बरोबर होता, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच आला. पण काकांनी त्याच दिवशी तो खोडरबरनं पुसून टाकला होता. “कारण नाही तर उत्तर नाही, बाई,” एवढंच म्हणाले. मी दोन दिवस फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी मला त्यांचं पटलं, आणि तेव्हापासून त्या माणसावर माझा जो विश्वास बसला तो सख्ख्या भावावरही नव्हता.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मला डोक्यात गुठळी झाली. लॅबपासून दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. उजवा हात जड झाला, तो हळूहळू सुधारला. पण शब्दांचं काय सांगू! कंगवा मागायचा असला की तोंडातून चमचा निघायचा. नर्सला मी एकदा ‘पंखा वाढा’ म्हटलं, ती हसली, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले. जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल शाईनं चुका काढल्या आणि आता माझंच प्रत्येक वाक्य लाल.

मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, आई, चल आता, एकटीनं राहायचं नाही. मी म्हटलं, मी प्रतापनगरचं घर सोडणार नाही. दोघंही हट्टी. शेवटी तह झाला. सहा महिने तो काही बोलणार नाही. कामवाली दोन वेळा येईल, मी गॅस नीट बंद करीन, औषधं वेळेवर घेईन. आणि माझं डोकं जागेवर आलं की नाही हे कसं कळणार? ते मीच सुचवलं. म्हटलं, कोड्यावरून. आजारपणाच्या आधी अठ्ठावीसपैकी दहा-बारा सूत्रं माझी असायची. रोज संध्याकाळी तुला आकडा सांगीन. आकडा वर आला नाही तर मी स्वतः बॅग भरीन. मुलगा हसला, पण कबूल झाला.

तेव्हा ध्यानात घ्या, ते कोडं माझ्यासाठी करमणूक राहिलं नव्हतं. माझं घर त्याच्यावर होतं. आणि घरापेक्षाही मोठं म्हणजे माझं डोकं माझं आहे की नाही, हे मला सांगणारी ती एकच जागा होती. डॉक्टर ‘छान, छान’ म्हणतात, ते सगळ्यांनाच म्हणतात. शेजारणी तर चेहरा पाहूनच ‘किती बरं दिसता’ म्हणतात. लॅबचं ते बाक खोटं बोलणार नाही, असं मी धरून चालले होते.

पहिला आठवडा वाईट गेला. मी सूत्र वाचायची आणि ते नुसते शब्द समोर पडून राहायचे.  दुसऱ्या आठवड्यात एक सुटलं. मग दोन. महिनाभरात पाचवर गेले, तीन महिन्यांत आठ-नऊवर. ज्या दिवशी अकरा झाले त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना बालूशाही खाऊ घातली, आत सुया मोजणाऱ्या पोरींनासुद्धा. फिजिओथेरपीवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. मुलाला फोनवर सांगताना माझा आवाज इतका चढला की तो म्हणाला, आई, मी बहिरा नाही.

आता मागे पाहिलं की सगळं दिसतं. काका मध्येच म्हणायचे, “बाई, पहिला शब्द पुन्हा एकदा वाचा.” मी पुन्हा वाचला की तिथंच काहीतरी सापडायचं. मैत्रीण म्हणायची, “हे मले काही जमत नाही वं, तूच बघ.” आणि बुटीबोरीवाला, जो पूर्वी माझं वाक्य पूर्ण होऊ देत नसे, तो आता गप्प बसून चहा फुंकत बसायचा. मला वाटलं, रात्रपाळीनं थकला असेल. आणखी एक होतं. कोडं संपलं की काका पेपर मागून घ्यायचे आणि काही सूत्रांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे. हे नवीनच सुरू झालं होतं. एकदा विचारलं तर म्हणाले, “आवडलेली सूत्रं.” मला ते गोड वाटलं. ते सगळे पेपर मी घरी नेऊन कपाटात रचून ठेवत होते, मुलगा आला की समोर टाकायला.

पाचवा महिना संपत आला होता. त्या दिवशी बुटीबोरीवाला आधीच येऊन बसला होता. मी पेपर उघडला, एक आडवा झाला, चार आडवा झाला. मग मी म्हटलं, “पाच आडवा.” आणि चष्मा खाली घसरला म्हणून तो वर करायला थांबले. सूत्रातला एक शब्दही मी अजून वाचला नव्हता.

“मॅडम, हे उलटं वाचून पाहा ना,” तो म्हणाला.

मी चष्मा वर केला. सूत्र वाचलं, मनातल्या मनात. खरंच उलटं वाचायचं होतं.

“तुला कसं कळलं गा?” मी विचारलं. “मी वाचलं कुठे अजून?”

त्यानं मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीनं काकांकडे पाहिलं. काकांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. तीस वर्षं वर्गात काढलेल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. कॉपी करणाऱ्या पोरांचे चेहरे मी झोपेतही ओळखीन.

मी उठले. कुठे शोधायचं तेही मला कळत होतं, कारण मी आले की मैत्रीण रोज नोंदवहीखालचा खण पटकन लोटायची. तो ओढला. आत झेरॉक्सचा गठ्ठा होता, चिमट्यात लावलेला. वरचा कागद आजचा होता, अख्खं कोडं भरलेलं, काकांच्या अक्षरात. आणि मी काय केलं? तो कागद उलटा घातला. एवढ्या संतापातही न सोडवलेल्या कोड्याची उत्तरं पाहवली नाहीत. या गोष्टीचं मला आजही हसू येतं आणि रडूही येतं. खालचा, कालचा कागद पाहिला. दहा सूत्रांना गोल केलेला होता. काल मी सोडवलेली दहा. तीच.

“हे काय आहे?” मी म्हटलं. 

“बस आधी,” मैत्रीण म्हणाली. “पाणी पी. तुझं बीपी वाढून राहिलं.”

“माझ्या बीपीचं मरू दे! हे काय आहे ते सांग मले.”

मग निघालं सगळं. काका नऊला यायचे. पेपर शेजारच्या दुकानातून झेरॉक्स करायचा, तिघांनी, किंवा दोघांनी, सोडवायचा. मी साडेदहाला येईपर्यंत ठरलेलं असायचं की बाईंकडे कोणती जातील आणि त्यासाठी कोणी कुठे काय बोलायचं. पाच महिने! तिकडे मी बसस्टॉपवर उभी राहून आजचं जमेल की नाही म्हणून छातीत धडधड घेऊन यायची, आणि इकडे तालीम होऊन गेलेली असायची.

“तू पहिल्या आठवड्यात बाहेर जाऊन रडून राहिली होती वं,” मैत्रीण म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मला तिची दया आली नाही. “पायरीवर बसून. मी काचेतून पाहिलं. मग मीच काकांले म्हटलं, एखादं तरी तिले सुटू द्या. एकाचं दोन झालं. तुझा चेहरा असा फुलायचा की मागे फिरता येईना.”

“मी पोराला रोज आकडे सांगून राहिली,” मी ओरडले. आतल्या पोरी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. “माझं घर आहे त्या आकड्यावर! मी ठीक आहे असं समजून मी गेल्या आठवड्यात एकटी रेल्वेनं वर्ध्याला जाऊन आली. काही झालं असतं म्हणजे? अरे, मले एवढंच पाहिजे होतं ना, की डोकं चालते की नाही! तेवढं एक खरं कोणीतरी सांगायचं! परीक्षा माझी होती आणि पेपर तुम्ही फोडला.”

“मॅडम, आम्ही...” बुटीबोरीवाल्यानं सुरुवात केली.

“तू बोलू नको.”

काका अजून चपलांकडेच पाहत होते. खरा वार त्यांचाच होता. मैत्रीण हळवी आहे, ती कुणाची सुई टोचतानाही स्वतः डोळे मिटते. पण कारणाशिवाय बरोबर उत्तरही पुसणारा माणूस! त्यानं मला फुकटात अक्षरं वाटली याचा अर्थ एकच होता: त्याच्या मते मी संपले होते. माणूस संपला म्हणजेच त्याच्याकडून कारण मागायचं आपण सोडून देतो.

“काका,” मी म्हटलं, “तुमचा कायदा कुठे गेला?”

त्यांनी वाकून चपलेचा पट्टा नीट केला.

“निदान हे तरी सांगा. या दहा-अकरांत माझी स्वतःची किती होती? खरोखरची?”

त्यांनी वर पाहिलं. “लक्षात नाही ठेवलं, बाई,” म्हणाले.

मी पेपर उचलला आणि निघाले. मैत्रीण मागे पायरीपर्यंत आली, हाक मारत राहिली. मी वळले नाही. ऑटोत बसल्यावर लक्षात आलं की चष्म्याचं घर तिथेच राहिलं.

शाळेत मी पोरांना ग्रेस मार्क दिले आहेत. पस्तीसला तीन कमी पडले की द्यायचे, तसं वरूनच सांगितलेलं असायचं. आपण पुण्य केलं असं मला वाटायचं. त्यातल्या एखाद्या पोराला कळलं असेल का, की तो खरंतर नापास होता? कळल्यावर त्याला कसं वाटलं असेल, हा विचार मी ऑटोत पहिल्यांदा केला. पण हा विचार करून राग कमी झाला असं मात्र नाही.

घरी जेवले नाही. कामवालीला परत पाठवलं. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, आधीची दोन उत्तरं खोडली, पाच आडव्यावर काट मारली, कारण तो मला सांगितला गेला होता. उरलेल्या पंचवीसांवर बसले. बारा वाजले होते.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. लॅबमध्ये कधी इतकी वाटली नव्हती. शब्द वाचले की त्यांच्यामागचा शब्द पूर्वी आपोआप हालायचा. आता मी एकेका शब्दाला हातानं उचलून बाजूला करत होते. दीड तासानं पहिलं सुटलं. मी एकटीच मोठ्यानं कारण बोलले, भिंतीला ऐकवल्यासारखं, आणि मग लिहिलं. त्यानंतर एक लवकर आलं. मग नुसता धुरळा. चारच्या सुमारास डोकं टेबलावर टेकवून पडून राहिले. सहापर्यंत आणखी दोन. एकूण चार. अठ्ठावीसातले चार, सहा तासांत.

साडेसातला मुलाचा फोन आला. रोजच्यासारखं त्यानं विचारलं, “काय मॅडम, आज किती?”

अकरा म्हणायला जीभ उचललेली होती. देवाशपथ, उचललेली होती. एक खोटा शब्द, आणि महिनाभरानं तहाची मुदत संपून घर माझं. पण दिवसभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्याच रांगेत मी जाऊन बसले असते.

“चार,” मी म्हटलं.

 मी पुढचं सांगायला तोंड उघडलं, की हे लोक मला फसवत होते, माझे सगळे आकडे खोटे होते. तेवढ्यात तो म्हणाला, “चार? अरे वा. म्हणजे वाढलं. महिनाभर तीनच्या पुढे जात नव्हतं.”

मी खुर्ची ओढून बसले. “काय म्हणालास?”

मग यानंही कबूल केलं. पहिल्याच महिन्यात त्यानं काकांना फोन केला होता. काकांनी लपवलं नाही. आईला आम्ही हात देतो, पण हात देण्याच्या आधी तिनं स्वतः सोडवलेलं कोणतं ते मी खूण करून ठेवतो, असं म्हणाले होते. रोज दुपारी ते त्याला आकडा कळवायचे. खरा आकडा.

“म्हणजे मी अकरा सांगायची तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू वा वा म्हणायचास.”

“आई, तू किती खूश असायचीस.”

“मग घेऊन काहून नाही गेलास मला? तीनवर?”

“काका म्हणाले, ठिपके वाढून राहिले, थांबा. घर सोडायला लावलं तर वाढायचे थांबतील.”

फोन ठेवला. कपाटातला गठ्ठा काढून खाली जमिनीवर पसरला. पहिल्या आठवड्याच्या पेपरांवर एकही ठिपका नाही. मग एक. मग चार-पाच दिवस काही नाही. मग पुन्हा एक, मग सलग एकेक, मग दोन. ज्या दिवशी मी बालूशाही वाटली त्या अकरांच्या पेपरावर दोन. कालच्यावर तीन. ‘लक्षात नाही ठेवलं’ म्हणणाऱ्या माणसानं पाच महिने एक दिवस न चुकवता लक्षात ठेवलं होतं. माझी खरी गुणपत्रिका माझ्याच कपाटात होती. ती मुलाला वाचून दाखवली जायची, माझ्या मैत्रिणीला ठाऊक होती, त्या कारखान्यातल्या पोरालाही, आणि मी तिच्यावर माझी खोटी बढाई रचून ठेवत होते. मला इतकं एकटं दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

उठून पेन्सिल घेतली. आजच्या चार सूत्रांच्या कडेला चार ठिपके मीच दिले, चांगले ठसठशीत. फोटो काढला आणि काकांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. त्यांना काय लिहायचं?

दहा मिनिटांनी उत्तर आलं. माफी नाही, विचारपूस नाही, मोजकेच शब्द. ‘अकरा आडवा चुकला. कारण काय लावलं, सांगा.’

मी फोन सोफ्यावर फेकला. मग परत उचलला, चष्मा लावला आणि अकरा आडवा पाहिला. चुकलाच होता. सूत्रातलं एक अक्षर उरत होतं आणि मी त्याच्याकडे काणाडोळा केला होता. पाच महिन्यांत मला पहिल्यांदा कोणी चूक म्हटलं. मी ढसाढसा रडले, आणि राग तसाच्या तसा होता, तो आजही आहे. काकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

खोडरबर घेऊन उत्तर पुसलं, शेजारचा ठिपकाही पुसला. मग मुलाला परत फोन लावला.

“चार नव्हते,” म्हटलं. “तीनच.”